विषाणू, ग्रोथ फॅक्टर आणि यकृतावरचा वण

तुमच्या पत्राचा गाभा असा: वय ४७, हिपॅटायटिस सी, फायब्रोस्कॅनवर, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीत, ११.२ किलोपास्कल, अहवालात 'एफ३' (वणाच्या चार टप्प्यांतला तिसरा) आणि बारा आठवड्यांच्या गोळ्या नुकत्याच सुरू. धाकट्या भावाला हिपॅटायटिस बी, तो रोज टेनोफोविर ही बीचा विषाणू दाबणारी गोळी घेतो. यकृतावर वण धरतो तो 'ग्रोथ फॅक्टर'मुळे, असं तुमच्या वाचनात आलं आणि तिथून चार शंका निघाल्या. ग्रोथ म्हणजे वाढ, मग वाढीनं यकृत बिघडतं कसं? हे फॅक्टर रक्तात मोजता येतात का? त्यांना रोखणारं औषध आहे का? आणि विषाणू गेला की झालेला वण जातो का?

शेवटचं आधी सांगतो, कारण झोप उडवणारा प्रश्न तोच आहे. वण मागे हटतो. सगळ्यांचा नाही, दर वेळी पूर्ण नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत तर नाहीच. पण एफ३ म्हणजे परतीची वाट बंद, असं अजिबात नाही. मी शिकत होतो तेव्हा फायब्रोसिस, म्हणजे हा वण, एकदा झाला की झाला, असंच आम्हाला सांगितलं जायचं. ते चुकीचं ठरलं. का ठरलं, हे समजून घ्यायला हे ग्रोथ फॅक्टरच उपयोगी पडतात.

गोंधळाची सुरुवात नावापासून आहे. ग्रोथ फॅक्टर म्हणजे एका पेशीनं दुसऱ्या पेशीला, कधी स्वतःलाच, धाडलेला प्रथिनाचा निरोप. निरोपाचा अर्थ काय, हे तो घेणाऱ्या पेशीवर ठरतं. यातली बरीच नावं काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरच्या प्रयोगांतून आली. टीजीएफ-बीटाचंच बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत अनिता रॉबर्ट्स, मायकेल स्पोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा छडा लावला, तेव्हा त्यानं बशीतल्या साध्या पेशी कर्करोगाच्या पेशींसारख्या वागायला लागायच्या. म्हणून 'ट्रान्सफॉर्मिंग' ग्रोथ फॅक्टर. प्रत्यक्ष यकृतात मात्र हाच पदार्थ यकृताच्या मुख्य पेशींना सांगतो, 'विभाजन थांबवा', आणि शेजारच्या दुसऱ्या एका पेशीला सांगतो, 'धागे विणायला घ्या'. म्हणजे वाढ होते ती धाग्यांची. ज्या पेशींची वाढ तुम्हाला हवी आहे, त्यांची वाढ तो रोखतो. तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर इथंच आहे: ग्रोथ, पण कुणाची?

ती 'दुसरी पेशी' म्हणजे स्टेलेट पेशी, आकारानं ताऱ्यासारखी. यकृतातल्या शंभर पेशींमध्ये या जेमतेम पाच ते आठ. १८७६ मध्ये कार्ल विल्हेल्म फॉन कुप्फर यांनी सोन्याच्या क्षारानं यकृताचा काप रंगवला आणि त्यांना या तारका दिसल्या. पुढं त्यांचाच गोंधळ झाला. त्यांनी या पेशी आणि रक्तातला कचरा गिळणाऱ्या भक्षक पेशी एकच मानल्या. आज 'कुप्फर पेशी' हे नाव भक्षक पेशींना चिकटलं आहे, मूळ तारकांना नाही. तोशिओ इतो यांना १९५०च्या दशकात याच पेशी चरबी साठवणाऱ्या पेशी म्हणून पुन्हा सापडल्या, आणि १९७१ मध्ये केंजिरो वाके यांनी दाखवून दिलं की कुप्फरांच्या तारका, इतोंच्या चरबीच्या पेशी आणि अ जीवनसत्त्वाची कोठारं या तिन्ही एकच. हा इतिहास मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो. ज्या पेशीभोवती आज यकृताच्या वणाचं सगळं शास्त्र फिरतं, तिची नीट ओळख पटायलाच जवळपास शंभर वर्षं गेली.

निरोगी यकृतात ही पेशी शांत असते. रक्तवाहिनीची जाळीदार भिंत आणि यकृतपेशी यांच्या मधल्या अरुंद फटीत ती बसलेली असते. या फटीला डिसची जागा म्हणतात. शरीरातल्या अ जीवनसत्त्वाचा बहुतांश साठा हिच्या पोटात थेंबाथेंबानं असतो. आजूबाजूला इजा झाली की ती कात टाकते. जीवनसत्त्वाचे थेंब जातात, स्नायूसारखी आकुंचन पावणारी प्रथिनं अंगात येतात, ती संख्येनं वाढते, जखमेकडे सरकते आणि कोलॅजेन, म्हणजे वणाच्या धाग्यांचं प्रथिन, सोडू लागते. या नव्या रूपाला मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. बोट कापल्यावर तिथं जे घडतं, तेच हे. बोटाची जखम आठ दिवसांत मिटते आणि काम थांबतं. दीर्घकालीन हिपॅटायटिसमध्ये जखम रोज नवी होते, वीस वर्षं, तीस वर्षं. दुरुस्तीचं काम कधी थांबतच नाही, आणि न थांबलेली दुरुस्ती म्हणजेच फायब्रोसिस.

आता विषाणूकडे येऊ. बी आणि सी हे दोन्ही विषाणू यकृतपेशीला सहसा थेट मारत नाहीत. पेशीत विषाणू लपलाय हे ओळखून आपल्याच प्रतिकारशक्तीच्या टी पेशी तिला मारतात. विषाणू पुरता निघून जावा इतकी ही मारामारी प्रभावी नसते, आणि यकृत निर्धास्त राहावं इतकी सौम्यही नसते. मरणाऱ्या पेशींचे अवशेष कुप्फर पेशी गिळतात आणि गिळता गिळता टीजीएफ-बीटा सोडतात. इजा झालेल्या जागी जमणाऱ्या प्लेटलेट पीडीजीएफ सोडतात. त्याचं नावच प्लेटलेटवरून पडलंय. स्टेलेट पेशीची संख्या वाढवायला पीडीजीएफइतका जोरदार निरोप दुसरा नाही. शांत स्टेलेट पेशीवर हा निरोप घेणारे रिसेप्टर फारसे नसतात. ती एकदा जागी झाली की ते भराभर उगवतात. म्हणजे आधी टीजीएफ-बीटा वगैरे तिला जागं करतात, मग पीडीजीएफ तिची फौज उभी करतो, आणि फौज झाली की टीजीएफ-बीटा पुन्हा तिच्याकडून कोलॅजेन विणून घेतो. सीटीजीएफ नावाचा आणखी एक पदार्थ टीजीएफ-बीटाच्या हुकमानंच तयार होतो आणि विणकामाला जोर देतो.

विषाणूंचा थेट हातही यात आहे, पण दुय्यम. सी विषाणूचं कोअर प्रथिन आणि बी विषाणूचं एक्स प्रथिन ही दोन्ही यकृतपेशीतलं टीजीएफ-बीटाचं उत्पादन वाढवतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. सी विषाणूची आणखी एक तऱ्हा आहे: यकृतपेशीत शिरताना तो ईजीएफ या ग्रोथ फॅक्टरच्या रिसेप्टरची मदत घेतो. हे २०११ मध्ये समोर आलं. वाढीचा निरोप घेणारं दारच विषाणू आत येण्यासाठी वापरतो.

टीजीएफ-बीटाविषयी एक गोष्ट थोडी खोलात सांगतो, कारण औषधांच्या प्रश्नाचं मूळ तिथं आहे. हा पदार्थ पेशीबाहेर पडतो तो कुलूपबंद. त्याच्याभोवती दुसऱ्या प्रथिनाचं वेष्टन असतं आणि तशा बंद अवस्थेत तो यकृताच्या धाग्यांमध्ये साठून राहतो. कुलूप उघडतात ते मुख्यतः पेशींच्या पृष्ठभागावरचे इंटेग्रिन, म्हणजे पकड घेणारी प्रथिनं. वेष्टनाला धरून ते अक्षरशः ओढतात, आणि ओढलं की आतला टीजीएफ-बीटा मोकळा होतो. आता विचार करा. मऊ जाळीला धरून ओढलं तर जाळीच ताणली जाते, कुलूप उघडत नाही. कडक जाळी मात्र ताणली जात नाही. सगळा ताण कुलपावर येतो आणि ते उघडतं. म्हणजे यकृत जितकं कडक, तितका टीजीएफ-बीटा जास्त मोकळा होतो, तितकं कोलॅजेन जास्त, आणि यकृत आणखी कडक. फायब्रोस्कॅनवर तुम्ही जो किलोपास्कलचा आकडा बघता, तो वण किती झाला हे तर सांगतोच. तो कडकपणा स्वतःही या चक्राचा एक भाग असतो.

मोकळा झालेला टीजीएफ-बीटा पेशीच्या रिसेप्टरला बसला की आत स्मॅड२ आणि स्मॅड३ ही प्रथिनं चेतवली जातात, स्मॅड४ ला सोबत घेऊन केंद्रकात जातात आणि कोलॅजेनची जनुकं सुरू करतात. त्याच वेळी स्मॅड७ नावाचं आवर घालणारं प्रथिनही तयार होतं. निरोगी दुरुस्तीत हा लगाम पुरतो. वर्षानुवर्षांच्या जळजळीत तो सैल पडतो.

वण धरतो कुठं, यालाही अर्थ आहे. विषाणूजन्य हिपॅटायटिसमध्ये धागे सुरू होतात ते यकृतात रक्त आत येणाऱ्या पोर्टल मार्गांच्या भोवती, कारण दाह तिथं जास्त असतो. मद्य किंवा चरबीमुळे होणाऱ्या आजारात सुरुवात बहुधा मधल्या शिरेपाशी होते. पोर्टल मार्गापुरता वण म्हणजे एफ१, तिथून काही पट्टे फुटले की एफ२, पट्टे एकमेकांना जोडू लागले की एफ३, आणि पट्ट्यांनी घेरलेल्या गाठीच तयार झाल्या की एफ४ म्हणजे सिरॉसिस. सोबतच डिसच्या जागेत कठीण कोलॅजेन भरतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतली बारीक छिद्रं बुजतात. रक्त आणि यकृतपेशी यांच्यातली देवाणघेवाण मंदावते. मायोफायब्रोब्लास्ट आकुंचन पावतात, त्यानं वाहिन्या आणखी आवळल्या जातात. पोर्टल शिरेतला दाब वाढतो तो असा. बराचसा धाग्यांच्या अडथळ्यानं, साधारण पाव ते एक तृतीयांश आवळल्यानं, असं मी रुग्णांना ढोबळमानानं सांगतो. व्हीईजीएफ हा फॅक्टर नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतो, त्या या पट्ट्यांतून वाकड्यातिकड्या धावतात. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे की वण विरघळतानाही व्हीईजीएफची गरज लागते. एकाच निरोपाचा अर्थ वेळेनुसारही बदलतो.

हे सगळं किती काळात घडतं? १९९७ मध्ये थिएरी पॉयनार यांच्या गटानं सी असलेल्या २,२३५ रुग्णांच्या बायोप्सींवरून, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासण्यांवरून, हिशोब मांडला. उपचार न घेता संसर्गापासून सिरॉसिसपर्यंतचा मध्यक काळ ३० वर्षं निघाला. पण त्या सरासरीच्या पोटात फार मोठा फरक होता: चाळिशीनंतर संसर्ग झालेल्या पुरुषांत तो १३ वर्षं, आणि चाळिशीच्या आत संसर्ग झालेल्या, मद्य न घेणाऱ्या स्त्रियांत ४२ वर्षं. वय, पुरुष असणं आणि दिवसाला ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त मद्य या तीन गोष्टींनी वेग वाढतो, विषाणू किती आहे यानं फारसा नाही. रक्तातल्या विषाणूंचा लाखांतला आकडा बघून अनेक जण घाबरतात. वणाचा वेग त्यावर ठरत नाही. मधुमेह, वाढलेलं वजन आणि यकृतातली चरबी हेही वेग वाढवतात.

मग शरीरात चांगले ग्रोथ फॅक्टर नाहीतच का? आहेत. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला, आणि आठ-दहा दिवसांत यकृत मूळ वजनाला आलं. हे घडवणाऱ्या निरोपांमध्ये एचजीएफ, म्हणजे यकृतपेशी वाढवणारा फॅक्टर, हा प्रमुख. जपानमध्ये तोशिकाझू नाकामुरा यांनी १९८४ मध्ये त्याचा शोध जाहीर केला. तो यकृतपेशींचं विभाजन वाढवतो आणि टीजीएफ-बीटाच्या कामाला विरोध करतो. प्राण्यांत एचजीएफ दिल्यावर वण कमी झाल्याचं दिसलं आहे. इथं प्रत्येक वाचकाला वाटतं, मग इंजेक्शनच का देत नाहीत? कारण वीस वर्षं दाह सोसलेल्या यकृतात काही पेशींच्या जनुकांत बिघाड साठलेला असतो. त्यांना 'वाढा' हा निरोप जोरात दिला तर कर्करोगाला वाट मिळू शकते. एचजीएफचा रिसेप्टर, ज्याला मेट म्हणतात, यकृताच्या अनेक कर्करोगांत अति सक्रिय असतो. उलट बाजूला टीजीएफ-बीटा वण धरवतो, पण विभाजन थांबवून सुरुवातीला तो गाठीला रोखूनही धरतो. कुणाला खलनायक म्हणावं आणि कुणाला नायक, अशी सोय यकृतानं ठेवलेली नाही.

म्हणून 'टीजीएफ-बीटा रोखणारं औषध' या तुमच्या प्रश्नावर मी सावध आहे. हे जनुकच काढून टाकलेले उंदीर १९९२ मध्ये तयार केले गेले. ते जन्मले, पण तीन-चार आठवड्यांत अनेक अवयवांच्या दाहानं मेले. हा फॅक्टर प्रतिकारशक्तीचा लगामही आहे. त्याला सगळ्या शरीरात बंद करणं म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. त्यामुळे संशोधक आता कुलूप उघडण्याच्या जागेवर, ठरावीक इंटेग्रिनवर, किंवा पेशीच्या आतल्या स्मॅडच्या वाटेवर नेम धरतात.

आजवरचा अनुभव नम्र करणारा आहे. सीटीजीएफविरोधी पॅमरेव्हलुमॅब २०२३ मध्ये फुप्फुसाच्या फायब्रोसिसच्या मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं. कोलॅजेनचे धागे एकमेकांना शिवणाऱ्या एन्झाइमविरुद्धचं सिमटुझुमॅब यकृताच्या चाचण्यांत चाललं नाही. सीमध्ये गॅमा इंटरफेरॉननं वण कमी होईल अशी आशा होती, २००७ च्या चाचणीत ती फोल ठरली. विषाणू न जाता नुसतं कमी मात्रेचं पेग-इंटरफेरॉन हे सीवरचं जुनं इंजेक्शन साडेतीन वर्षं चालू ठेवलं तर आजार पुढं सरकणं थांबेल, हा विचारही २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत टिकला नाही. हे उपचार त्या काळी मीही आशेनं वाचले होते. आज मला त्यांच्यातला एक समान दोष दिसतो: विषाणू तसाच ठेवून वणाशी भांडायचं, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. याला दिलासा देणारा एक अपवाद हिपॅटायटिस बीमध्ये पुढं येतोय. चीनमध्ये हायड्रोनिडोन हे टीजीएफ-बीटाची पेशीतली वाट दाबणारं औषध एन्टेकाविर या बीचा विषाणू दाबणाऱ्या गोळीच्या जोडीनं ५२ आठवडे दिलं, तेव्हा नुसत्या एन्टेकाविरपेक्षा जास्त रुग्णांत वण एक टप्पा तरी उतरला. तिथंही विषाणूचं औषध पायाला होतं, हे विसरू नका. तुमच्या भावानं आज यासाठी धावपळ करावी असं मी म्हणणार नाही, पण या दिशेवर माझं लक्ष आहे.

रक्तातला टीजीएफ-बीटा मोजण्याबद्दल: मोजता येतो, पण मोजू नका. नमुना गोठताना प्लेटलेट फुटून त्यांच्यातला टीजीएफ-बीटा बाहेर पडतो, त्यामुळे आकडा यकृताचा की नळीतल्या प्लेटलेटचा हेच कळत नाही. शिवाय यकृतात काम करतो तो जागच्या जागी मोकळा झालेला फॅक्टर. रक्तात फिरणारा बहुतेक कुलूपबंदच असतो. मोजायच्या त्या साध्या गोष्टी. फिब-४ हा वणाचा अंदाज देणारा आकडा घ्या: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ. एएसटी आणि एएलटी ही यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम. समजा वय ४७, एएसटी ६८, एएलटी ८१, प्लेटलेट १४८. मग ३,१९६ भागिले १,३३२, म्हणजे २.४०. सीमध्ये १.४५ च्या खाली असेल तर गंभीर वणाची शक्यता कमी, ३.२५ च्या वर असेल तर जास्त, मधला आकडा संदिग्ध. आता त्याच माणसाचा विषाणू गेला, वर्षानं एएसटी २४, एएलटी २५, प्लेटलेट १६५. फिब-४ आला १.४०. वण तेवढा उतरला का? नाही सांगता येत. दाह थांबल्यानं एएसटी खाली आलं आणि त्यानं आकडा खाली ओढला. फायब्रोस्कॅनचंही तसंच. सूज, दाह, पोटभर जेवण यांनी आकडा वर जातो; म्हणून तपासणीआधी किमान तीन तास उपाशी राहायचं. उपचारानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ११.२ चा ८ झाला तर आनंद जरूर माना, पण त्यातला बराच वाटा सूज उतरल्याचा असतो. वण खरोखर किती विरघळला हे वर्षा-दोन वर्षांच्या उताराकडे बघून कळतं.

आता वण विरघळतो कसा ते. याचा सगळ्यात भक्कम मानवी पुरावा तुमच्या भावाच्या आजारातला आहे. टेनोफोविरची पाच वर्षं पूर्ण केलेल्या आणि आधी-नंतर दोन्ही बायोप्सी उपलब्ध असलेल्या ३४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ५१ टक्क्यांत फायब्रोसिस मागे हटला होता. सुरुवातीला सिरॉसिस असलेले ९६ जण होते. पाच वर्षांनी त्यांपैकी ७१ जणांच्या बायोप्सीत सिरॉसिस उरला नव्हता. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ते दोनदा तपासले होते.

आत घडतं ते असं. विषाणू दबला की पेशी मरायच्या थांबतात, निरोप थांबतात. काही मायोफायब्रोब्लास्ट आत्मनाश करतात, काहींना प्रतिकारशक्तीच्या नॅचरल किलर पेशी संपवतात. भक्षक पेशी आपलं वागणं बदलतात आणि कोलॅजेन कापणारी एन्झाइम सोडतात. आधी त्या एन्झाइमना अडवणारा टिंप-१ भरपूर असतो. तो बनवणारी पेशीच गेली की एन्झाइमना मोकळीक मिळते. पण सगळ्या स्टेलेट पेशी मरत नाहीत. २०१२ मध्ये उंदरांवरच्या दोन अभ्यासांनी दाखवलं की त्यांपैकी साधारण निम्म्या पुन्हा शांत होतात, मात्र पूर्वीइतक्या भोळ्या राहत नाहीत. दुसऱ्यांदा इजा झाली तर त्या जास्त लवकर पेटतात. रुग्णाला मी याचा सरळ अर्थ सांगतो: बरं झालेल्या यकृतावर मद्य घ्यायला लागलात, तर कधीच आजारी नसलेल्या यकृतापेक्षा ते लवकर कडक होईल. सीच्या विषाणूची लागण पुन्हाही होऊ शकते. त्याच्या प्रतिपिंडांची तपासणी आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, पण त्या प्रतिपिंडांनी संरक्षण मिळत नाही.

जुना वण हटायला हट्टी असतो. त्यातले कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट शिवलेले असतात, त्यांत इलॅस्टिन हे लवचीक धाग्यांचं प्रथिन मिसळलेलं असतं आणि तिथं पेशीही कमी उरतात, म्हणजे कापणारं कुणी जवळपास नसतं. म्हणून एफ३ वर उपचार आणि जुनाट एफ४ वर उपचार यांत मोठा फरक पडतो, आणि म्हणून तुम्ही योग्य वेळी आलात असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला सर्वांत तातडीची वाटते. भावाला हिपॅटायटिस बी आहे. तुमची स्वतःची बीची तपासणी झाली आहे का, म्हणजे पृष्ठभागावरचं अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी दोन्ही? सीच्या गोळ्यांनी सी झपाट्यानं जातो आणि त्याच्या आड दबून बसलेला बी उसळी मारू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१६ मध्ये या गोळ्यांवर याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. तपासणी झाली नसेल तर पुढच्या भेटीची वाट न बघता याच आठवड्यात करून घ्या. गोळ्या मात्र स्वतःहून थांबवू नका. बी नसेल आणि संरक्षणही नसेल तर लस घ्या.

भावासाठी: टेनोफोविर विषाणू दाबतं, मुळासकट काढत नाही. यकृतपेशीच्या केंद्रकात बीच्या डीएनएचं एक वर्तुळाकार रूप टिकून राहतं. गोळी मनानं बंद केली तर दाह जोरात परततो, आणि वर सांगितलेल्या त्या 'न विसरलेल्या' स्टेलेट पेशी तयारच असतात. शिवाय बीचा डीएनए आपल्या जनुकांत घुसत असल्यानं सिरॉसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो.

याच ओघात कर्करोगावरच्या नजरेबद्दल. माझ्या एका रुग्णाचा सी पूर्ण बरा झाला, सिरॉसिस होता पण तब्येत उत्तम. आनंदानं त्यांनी तपासण्या थांबवल्या. चार वर्षांनी आले ते मोठी गाठ घेऊन. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली असती तर ती लहान असताना सापडण्याची चांगली शक्यता होती. विषाणू गेल्यावर धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही. सिरॉसिस असलेल्यांनी दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चालू ठेवावी यावर दुमत नाही. एफ३ बाबत सगळ्या मार्गदर्शक सूचना एकसारख्या नाहीत. मी माझ्या एफ३ रुग्णांची चालू ठेवतो आणि तुम्हीही ठेवावी असं म्हणेन, नंतरचा फायब्रोस्कॅन कितीही सुंदर आला तरी.

आणखी दोन गैरसमज. स्टेलेट पेशी अ जीवनसत्त्व गमावतात म्हणून अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घ्यायच्या, असं काही जण सुचवतात. घेऊ नका. अतिरेकी अ जीवनसत्त्व स्वतःच यकृतात वण धरवतं. दुसरा, 'ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन'. रुग्णालयात ज्याला हे नाव दिलं जातं ते बहुधा पांढऱ्या पेशी वाढवणारं जी-सीएसएफ असतं. सिरॉसिस सुधारेल या आशेनं ते वापरून पाहिलं गेलं आणि २०१८ च्या ब्रिटनमधल्या चाचणीत फायदा दिसला नाही. तुमच्या वणाशी त्याचा संबंध नाही. 'यकृत पुन्हा उगवणारे' म्हणून विकले जाणारे चूर्ण आणि कॅप्सूल यांबद्दलही हेच, वर त्यांतल्या काहींनी यकृताला इजा झालेली मी पाहिली आहे. कॉफी मात्र बिनसाखरेची हवी तर प्या; कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी असल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तिला औषध समजू नका, एवढंच.

तर पुढचा क्रम असा. बारा आठवड्यांच्या गोळ्या एकही न चुकवता घ्या. संपल्यानंतर आणखी बारा आठवड्यांनी सीच्या आरएनएची, म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याची, तपासणी. तेव्हा विषाणू सापडला नाही तर सी बरा झाला असं धरतो, आणि आजच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक लोकांत तो बरा होतो. पुढचा फायब्रोस्कॅन त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी, शक्यतो त्याच यंत्रावर, उपाशीपोटी. मद्य पूर्ण बंद. साखर आणि वजन तपासा, कारण विषाणू गेल्यावर यकृत पेटतं ठेवणारी उरलेली कारणं बहुधा तीच असतात. आणि तुमच्या बीच्या तपासणीचा निकाल आला की मला कळवा. कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर गोळ्या चालू असताना महिन्याला एकदा एएलटी बघावं लागेल, आणि पृष्ठभागाचं अँटिजेन पॉझिटिव्ह आलं तर बीचं औषधही लगेच सोबत सुरू करायचं की नाही, हे तुमच्या डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावं लागेल.